दोघांत एक बाटली

८ नोव्हेंबर २०२३, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे. दौंडच्या एका एचआयव्ही उपचार केंद्रात मी संशोधन साहाय्यक होते आणि समोर बसलेल्या बाईच्या रक्तातला विषाणूभार का वाढला, याचे उत्तर मला हवे होते. विषाणू औषधाला दाद देईनासा झाला असावा, असा माझा तर्क होता. तिला मात्र मूल हवे होते, आणि विषाणूभार पन्नासच्या खाली जाऊन चाचणीत विषाणू सापडेनासा झाल्याशिवाय डॉक्टर होकार देणार नव्हते.

ती आणि तिचा नवरा कारेगावात भाड्याच्या खोलीत राहत, एकाच कारखान्यात कंत्राटावर. दोघांनाही एचआयव्ही, दोघांना तीच गोळी, रोज एक. शिरूरचे केंद्र जवळ असूनही तिथे सासरचे कोणी भेटेल म्हणून ती एसटी बदलत दौंडला येई. गोळी एकही चुकवली नाही, असे ती शपथेवर सांगत होती.

खोटे ती बोलत नव्हती. कंत्राट संपले की कंपनी ब्रेक देते. मग दोघे काही आठवडे तिच्या सासरी, शेतावर. तिची बाटली कारेगावच्या खोलीत कुलपात राही. गावात नवऱ्याची एकच बाटली, आणि तिच्यातून दोघे आळीपाळीने गोळी घेत: एक दिवस तो, एक दिवस ती. आपल्या वाट्याची गोळी तिने खरेच कधी चुकवली नव्हती. अर्ध्या मात्रेत विषाणू मरत नाही, शिकतो.

स्वतःची बाटली का नेली नाही, एवढेच मी विचारले.

"म्याडम, गड्याच्या पिशवीत कोन हात घालतंय? सुनेची बॅग मातुर आल्या आल्या सासू उघडती." मग हळूच, "कळलं तर ताट येगळं व्हईल. माझं. त्यांच्या पोराचं न्हाई."

नवरा बाहेर चहाच्या टपरीवर थांबला होता. कोणी ओळखीचे पाहील म्हणून आत येणे त्याला धोक्याचे वाटे. मी त्याला बाजूला बोलावले. आपल्या गोळ्या पित्ताच्या आहेत, असे त्याने आईला सांगून ठेवले होते. मग दोन्ही बाटल्या तुम्हीच न्या आणि दोघांनाही पित्त आहे म्हणा, असे मी सुचवले.

"आईला बी पित्त हाय, म्याडम," तो म्हणाला. "एवढ्या गोळ्या दिसल्या की तीबी मागंल."

मला हसू आले, आणि त्या हसण्याचाच राग आला. विषाणूचे एकेक प्रथिन मला नावाने ठाऊक होते. सासूने उघडलेल्या बॅगेवर माझ्याकडे उपाय नव्हता. आईला खरे सांगा, याला तो तयार नव्हता. शेवटी दोन्ही बाटल्या नेण्याचे त्याने कबूल केले.

फेब्रुवारीत, पुढचा ब्रेक संपवून, ती अहवालासाठी आली. बसण्याआधीच तिने विचारले, आता पोराचं बघावं का. मी विचारले, गावी बाटल्या किती नेल्या होत्या.

"एकच," ती म्हणाली. "ह्ये म्हनले, पुढच्या बारीला नेतो."

मी अहवाल उघडला आणि विषाणूभाराचा आकडा नोंदवला: २,८४०.