खोल्या कॉम्प्युटरनं लावल्या म्हणायचं

"कोट्यातली असून डोकं चालतं की हो तुमचं!"

सर भर खोलीत असं म्हणाले आणि वर टाळी वाजवली. म्हणजे ही शाबासकी हुती. खोलीत आम्ही कॉलेजच्या ऑफिसातली चारपाच माणसं, सगळी शिकाऊ. माझी पहिली स्क्रिप्ट, म्हंजे कॉम्प्युटरला काम सांगणाऱ्या ओळी, नुकतीच चालली हुती. अ‍ॅडमिशनच्या फायलीत पोरांची नावं कशीबी भरलेली असतात. कुणाचं आडनाव आधी, कुणाचं नंतर, मधीच मोकळ्या जागा. गाव एकच, पण कुठं बेळगाव, कुठं बेळगावी, कुठं बेलगाम. ते हातानं नीट करण्यात आमचा अख्खा जून जायचा. माझ्या थोड्याशा ओळींनी ते चहा यायच्या आत केलं. लई आनंद झालता मला. त्या आनंदावर हा माणूस थुंकला, आणि वर अपेक्षा काय, तर मी हसावं.

बाकीची हसली. शेजारची कन्नड बोलणारी बाई हळूच म्हणाली, "होगली बिडी, अक्का." जाऊ दे म्हणं. जाऊ दे म्हणायला आमच्याकडं दोन दोन भाषा, न्हाय म्हणायला एकबी न्हाय. मीबी गप्प बसले.

सर म्हणजे कॉलेजच्या कॉम्प्युटर विभागाचे मुख्य. बेळगावातलं जुनं घराणं, वडील वकील, आजोबा वकील. दर शनिवारी आम्हा कारकुनांना फुकट स्क्रिप्ट शिकवायचे. त्याचा तोरा केवढा! विद्या जशी त्यांच्या घरच्या विहिरीचं पाणी, आणि ते आमच्या ओंजळीत वरनं ओतत्यात.

मी निपाणीची. आमची वस्ती बौद्धांची. आजी दुसऱ्याच्या रानात राबली, आप्पा शिपाई झाले, मी पदवी घेतली. शाळेत दर वर्षी बाई म्हणायच्या, "स्कॉलरशिपवाले उभे रहा." आम्ही उभं राहायचो. बाकीची पोरं माना वळवून बघायची. तवा वाटायचं, शिकलं की हे थांबंल.

पुढच्या आठवड्यात सरांनी केबिनमध्ये बोलावलं. बसायला खुर्ची दिली. तवाच ओळखलं, काहीतरी काळंबेरं हाय.

"होस्टेलच्या खोल्या लावायच्या आहेत. तुमच्या स्क्रिप्टनं होईल ना?"

"हुईल की, सर."

"फाइलमध्ये कॅटेगरीचा रकाना आहे बघा. एससी, एसटीची मुलं मागच्या इमारतीत टाका. बाकीची पुढच्या."

मागची इमारत म्हणजे जनरेटरच्या शेजारची. संडास तुंबलेले, पाणी एक येळ. कॉलेजात कुणाला ठाऊक न्हाय असं न्हाय.

"का, सर?"

"पालक तक्रारी करतात हो. शिवाय त्या मुलांनाही आपापल्यांत बरं वाटतं. पूर्वी आडनावावरून लावायचो. आता कुणी गावाचं नाव लावून नंदगडकर म्हणून येतो, त्यातून कळायचं काय?" मग आवाज खाली आला. "कुणी विचारलं तर कॉम्प्युटरनं लावल्या म्हणायचं. आणि स्क्रिप्ट तुम्हीच लिहिलेली असली, म्हणजे कुणी बोट दाखवायचा प्रश्नच नाही."

वा रं वा! बंदूक ह्यांची, खांदा माझा, आणि मरणारी पोरंबी माझीच.

मी जागेवर आले. नोकरी अजून कायम झाली न्हवती. म्हणून ती ओळ लिहिली. सरांनीच पहिल्या शनिवारी शिकवलं हुतं, आधी स्वतःचं नाव घालून चालवून बघा, मग दुसऱ्याच्या फायलीला हात लावा. सगळी शिकाऊ तसंच करतात. मीबी केलं. कोऱ्या यादीत माझी माहिती घातली. नाव, आडनाव, गाव निपाणी, कॅटेगरी खरी. आणि चालवली.

पडद्यावर माझ्या नावापुढं आलं, मागची इमारत.

सरांना बोलावून आणलं. नावावर बोट ठेवून दाखवलं. म्हणलं, कितीबी झालं तरी माणूस हाय, चपापंल. निदान खाकरंल तरी.

त्यांनी चष्मा नीट केला. माझं नाव वाचलं. इमारत वाचली. म्हणाले, "अगदी बरोबर चाललंय."

बरोबर!

कोट्यातली म्हणाले तवा मी गप्प बसलते. वाटलं हुतं, शिकू, मग ही तोंडं आपोआप बंद हुतील. खुळी मी! ही तोंडं बंद व्हत न्हाईत. आपण शिकलो की आपल्याच शिकलेल्या हाताला हे नवं घाण काम लावत्यात.

"ही ओळ मी ठेवणार न्हाय," मी म्हणलं.

"अहो, एवढं मनाला काय लावून घेता? एक ओळ तर आहे."

"एकच हाय न्हवं? मग तुम्ही लिवा. वर तुमचं नाव घाला. कुणाला कुठं टाकलं आणि का टाकलं, ते तुमच्या सहीनं बोर्डावर लावा."

कीबोर्डकडं हात गेला न्हाय त्यांचा. लिहिता येत न्हवतं म्हणून न्हवं. माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं येतंय त्यांना. पण ह्या लोकांना जात पाळायला धीर हाय, ती स्वतःच्या अक्षरात लिहायला न्हाय. थू असल्या शिक्षणावर.

त्यांच्या देखत ती ओळ पुसली. जागेवर दुसरी लिहिली, ज्याचा अर्ज आधी, त्याला खोली आधी.

सोमवारी मला फीच्या खिडकीवर बसवलं. शनिवारच्या वर्गातनं नाव काढलं. माझ्या जागी एक नवा आलाय, सरांना मान डोलावणारा. तो ती ओळ परत घालंल, मला ठाऊक हाय. घालू दे. मी घरी आप्पांच्या जुन्या लॅपटॉपवर शिकत्याय. दुसऱ्यानं लिहिलेलं वाचायला शिकत्याय, ओळ न् ओळ.

खोल्यांची यादी लागंल त्या दिवशी मी खिडकी बंद करून बोर्डापुढं जाणार. शाळेत मला उभं केलं हुतं. आता माझी मी उभी राहणार, पोरांच्या आणि आईबापांच्या म्होरं, आणि सरांना विचारणार. कॉम्प्युटरनं लावल्या म्हणता न्हवं? मग ती ओळ कुणी लिहिली, त्याचं नाव सांगा.