बाळच्या गच्चीवरचा खांब

बाळ स्टुलावर चढून माळ्यावरचा खोका ओढत होता आणि खाली गिऱ्हाईक मान वर करून उभं होतं. चाळिशीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, हिंदी एकदम साफ. दिल्लीच्या कडेला छतरपूरला फार्महाउस आहे, तिथं टेलिफोनची लाईन पोचत नाही, म्हणून लांब पल्ल्याचा कॉर्डलेस हवाय, असं त्याचं म्हणणं होतं.

बाळची बायको अहिल्या काउंटरमागं स्पीकरच्या वायरी गुंडाळत होती. मान वर न करता ती मराठीत म्हणाली, "अहो, हा पक्कं बिल मागणाऱ्यातला दिसतोय. द्यायचा का?"

"देऊ की. ह्याला काय कळतंय?" बाळ वरूनच बोलला. "हाच डबा भाऊसाहेबांकडं वर्षभर चाललाय. सरकारी क्वार्टर, सरकारी लाईन, आणि पोरगी बोलतीय गुडगावातून. आहे कुणाला पत्ता?"

दिल्लीतल्या आपल्या माणसांची ही खोडच. बाहेर सगळं हिंदीत, आणि गिऱ्हाइकासमोर भाव ठरवायचा, शिवी द्यायची, घरातलं काही सांगायचं तर मराठीत. दिल्लीत मराठी म्हणजे दाराला आतून लावलेली कडी. करोल बागेत विट्याकडचे सगळे गलाईवाले, म्हणजे सोनं गाळणारे, असेच बोलत आलेत. बाळ त्यांच्यातलाच.

गिऱ्हाइकानं डबा उघडून बघितला, एरियलची वायर बोटानं चाचपली, मागचा परदेशी शिक्का वाचला. मग घरी विचारून येतो म्हणाला. पायरी उतरला, वळला, आणि अगदी घरच्यासारखं बोलला.

"येतो, वहिनी."

अहिल्याच्या हातातली वायर सुटली. बाळ स्टुलावरच उभा राहिला. बाहेर गर्दीत तो शर्ट कुठं गेला ते दिसलंच नाही.

दुसऱ्या कुणी आधी दुकानाचा विचार केला असता. माळ्यावर तसले चार डबे होते, हाँगकाँगचा माल, कुठल्या मार्गानं आलेला ते बाळ कधी विचारायचा नाही. परवान्याशिवाय असला वायरलेस विकणं गुन्हा, घरात लावणं पण गुन्हा. सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे विकत होते. नवीन कॉलन्या उठल्या होत्या, गुडगावात बिल्डरनं फ्लॅट दिले, लिफ्ट दिली, फोन कोण देणार? वेटिंग लिस्टमध्ये नंबर लावून माणसं म्हातारी व्हायची. मग लोक जुन्या घरातल्या लाईनला डबा जोडायचे, गच्चीवर एरियल, आणि हँडसेट घेऊन बसायचे तिकडं लांब नव्या फ्लॅटमध्ये. पण बाळच्या डोक्यात दुकान आलंच नाही. त्याच्या डोक्यात भाऊसाहेब आले. आपण नाव घेतलं, आणि ते पण सरकारी लाईनीसकट.

भाऊसाहेब त्याचे रक्ताचे कुणी नाहीत. केंद्र सरकारात हेडक्लार्क, लक्ष्मीबाई नगरात क्वार्टर. बाळचा बाप गलाईतल्या ॲसिडच्या धुरानं छाती जाळून गेला तेव्हा बाळला निगमबोध घाटाचं स्मशान कुठल्या दिशेला आहे ते पण माहीत नव्हतं. भाऊसाहेबांनी ऑफिस सोडून खांदा दिला, आणि बाराव्यापर्यंत माय-लेकाला घरी ठेवून घेतलं. सोनं गाळायच्या मुशीपुढं परत बसायचं नाही असं बाळनं तिथंच ठरवलं. पुढं कार-स्टिरिओचं दुकान काढलं तेव्हा कर्जाला जामीन भाऊसाहेबच राहिले. असलं कुणी फेडायला बसत नाही. पण बाळ रोज फेडत होता.

त्याच संध्याकाळी स्कूटर काढून तो लक्ष्मीबाई नगरात गेला. भाऊसाहेब ऑफिसातून येऊन मोजे काढत होते. बाळनं काही न लपवता सांगितलं. ऐकता ऐकता म्हाताऱ्याचा एक मोजा पायातच राहिला. रिटायरमेंट जवळ आलेली, सरकारी लाईनवर चोरटा वायरलेस सापडला तर नोकरी, पेन्शन, क्वार्टर, सगळं एका कागदावर जाणार. ते एवढंच म्हणाले, "काढ. आत्ता काढ."

तेवढ्यात त्यांच्या पत्नी, कल्पनावहिनी, आतून आल्या. अर्पिताचे दिवस भरत आलेत, त्या म्हणाल्या. जावई सारखा दौऱ्यावर. तिथं गुडगावात आसपास नुसते अर्धे बांधलेले मजले आणि वॉचमन. रात्री-बेरात्री कळा सुरू झाल्या तर पोरगी हाक कुणाला मारणार? अर्पिता त्यांची एकुलती एक. बाळनं तिला कडेवर घेऊन इंडिया गेट दाखवलेलं.

बाळनं उठून डब्याची वायर काढली, गच्चीवरची एरियल उतरवली, सगळं चादरीत बांधलं.

"मी माझ्या लाईनवर लावतो," तो म्हणाला. "तिचा हँडसेट चालू राहील. तुमचं घर मोकळं."

भाऊसाहेबांनी त्याच्याकडं बघितलं आणि मग खाली मोज्याकडं. नको म्हणाले असते तर बाळ थांबला असता का? नसता. पण म्हणायला पाहिजे होतं.

दुकानावरच्या घरी अहिल्या भडकली. माळ्यावरचे चार डबे बाळनं त्याच रात्री भंगारवाल्याकडं तोडायला दिले होते. आता दुकान स्वच्छ. कुणी आलं तर हात हलवत परत जाईल. आणि हा माणूस पाचवा डबा आणून घरातल्या फोनला जोडत होता.

"घरात साप आणून ठेवताय तुम्ही," ती म्हणाली.

"साप आहेच, अहिल्या. कुणाच्या घरात चावू द्यायचा, तेवढंच आपल्या हातात आहे."

करोल बागेतून गुडगाव अजून लांब. लक्ष्मीबाई नगरातली एरियल इथं पुरेना, म्हणून बाळनं गच्चीवर लोखंडी खांब उभा केला, आजूबाजूच्या सगळ्या टीव्हीच्या एरियलींच्या वर डोकं काढणारा. अहिल्यानं त्याला दोरी बांधून साड्या वाळत घातल्या. त्यानं काय होतंय? खालच्या चौकातूनही तो खांब दिसायचा.

अर्पिताचा आवाज पहिल्या दिवशी आला तेव्हा बाळ लहान पोरासारखा खूश झाला. "काका, एकदम क्लिअर," ती म्हणाली. मग ती रोज बोलायला लागली. दुपारी जेवण झालं की सुरू. आईशी, मैत्रिणींशी, पुण्यातल्या मावशीशी. बाळचा फोन तासन्‌तास अडकलेला, गिऱ्हाइकांना लागायचा नाही, आणि बिल बाळलाच. वर हवेत जितकं जास्त बोलणं, तितकं शोधणाऱ्याला सोपं, हे अहिल्याला पण समजत होतं. एकदा तिनं मधेच रिसीव्हर उचलून सांगितलं, बाई, थोडक्यात बोल गं. अर्पिता हसली. "काकू, डॉक्टर म्हणालेत टेन्शन घ्यायचं नाही. यार, तुम्ही पण घेऊ नका."

त्याच आठवड्यात चौकातल्या हलवायाच्या दुकानापुढं एक मेटाडोर उभी राहायला लागली. पांढरी, टपावर एरियलसारख्या चार सळया, काचा रंगवलेल्या. कुणी उतरायचं नाही, कुणी चढायचं नाही. दुपारी यायची, अर्पिताचं बोलणं संपलं की जायची. पुढच्या दिवशी ती चौक सोडून गल्लीच्या तोंडाशी आली. मग गल्लीत. शेजारचा सीटकव्हरवाला बाळला म्हणाला, भाई, तेरे रिश्तेदार आए हैं क्या? बाळ हसला, पण घरात जाऊन त्यानं तांब्याभर पाणी प्यायलं.

"अजून वेळ आहे, काढा तो," अहिल्या रात्री म्हणाली. भांडणाचा आवाज नव्हता तिचा. "हात जोडते."

"पोरगी मोकळी झाली की त्याच दिवशी काढतो."

"आणि त्याच्या आधी आले तर?"

बाळनं दिवा बंद केला. अंधारात फोनचा डबा एका हिरव्या ठिपक्यानं जागा होता.

आले ते भर दुपारी. वायरलेस तपासणीवाले तिघं जण आणि चौकीचा एक हवालदार. सगळ्यात पुढं तोच, इस्त्रीच्या शर्टातला. दुकानात वेळ घालवलाच नाही त्यांनी, सरळ वर घरात, डब्यापाशी. डबा गरम होता, अर्पिता पलीकडं बोलत होती. त्यातल्या एकानं वायर उपसली आणि तिचं वाक्य अर्ध्यात तुटलं.

इस्त्रीवाल्यानं खुर्ची ओढून घेतली. आवाज मऊ, मराठी पुणेरी. "हे बघा, हा डबा आधी सरकारी लाईनवर होता. तुमच्याच तोंडून ऐकलंय मी. भाऊसाहेब कोण, कुठं राहतात, एवढं सांगा. तुमच्यावरचं हलकं करता येईल मला."

अहिल्या दारात उभी होती. तिच्या तोंडात नाव आलेलं बाळला दिसलं. त्यानं तिच्याकडं एकदाच बघितलं. मग साहेबाकडं वळून म्हणाला, "क्या बोल रहे हैं, साहब? हमें मराठी नहीं आती।"

हवालदाराला हसू फुटलं. साहेब हसला नाही. खुर्चीतून उठून म्हणाला, "चलो फिर।"

बाळला गाडीत घालून नेलं, खांब कापून टपावर टाकला, साड्या गच्चीवर पडून राहिल्या. दुकानाला सील लागलं. जामिनावर सुटला तरी केस चालत राहिली, तारखेमागून तारीख, आणि त्या सगळ्या तारखांत बाळनं भाऊसाहेबांचं नाव ओठावर येऊ दिलं नाही. दुकान गेलं ते गेलंच. शेवटी तो चुलतभावाच्या मुशीपुढं जाऊन बसला, त्याच धुरात. भाऊसाहेब हार घालून, पेढे वाटून रिटायर झाले. कोर्टात एकदाही आले नाहीत. बाळ म्हणायचा, मीच नको म्हटलंय त्यांना.

अर्पिताला मुलगा झाला. कळा दिवसाढवळ्याच सुरू झाल्या आणि शेजाऱ्यांनी मारुतीत घालून नेलं.

फार वर्षांनी, त्या मुलाच्या मुंजीत, अर्पिताचा नवरा गप्पांच्या भरात बोलून गेला. त्यांच्या फ्लॅटमध्ये टेलिफोनची लाईन लागली होती. बाळनं खांब उभा करायच्या आधीच्या महिन्यात. अर्पितानं तो फोन क्रोशाच्या रुमालाखाली झाकून ठेवला होता, कारण त्याचं बिल आपल्याला आलं असतं.