जावईबुवांची करंगळी

तर रेकॉर्डिंगच्या खोलीत माझी खुर्ची करकरली, तिथवर आलो होतो आपण. मग ती खुर्ची बाहेर काढली आणि मला स्टूल दिलं. स्टूल गप्प, मीही गप्प. रेकॉर्डिंगवाल्याने काचेपलीकडून अंगठा वर केला आणि आमच्या जावईबुवांनी गिटारच्या तारांवर हात टाकला.

जावईबुवा म्हणजे माझ्या धाकटीचा नवरा. वय एकसष्ट. केस पुढून गेले, मागून अजून खांद्यापर्यंत आहेत. धाकटी म्हणते, "दुकान बंद झालं, गोदाम चालू आहे." चौतीस वर्षं एकाच बँडमध्ये माणसाने रॉक गिटार वाजवली. डाव्या हाताच्या बोटांची टोकं इतकी टणक, की तापलेलं पातेलं सांडशीशिवाय उतरवतात. घरात त्यांना तेवढ्यासाठीच हाक मारतात. पण एकट्याचा म्हणावा असा अल्बम एकही नाही. हा पहिला. आणि बहुतेक शेवटचा, कारण हाडांच्या डॉक्टरने एक्स-रे उजेडाला धरून सांगितलं होतं, सांधे आखडत चाललेत, वाजवायचं ते याच वर्षात वाजवून घ्या.

आठ चाली होत्या. शब्द एकीलाही नाहीत. त्याचं कारण बँडचा गायक. त्याला सगळे भोंगा म्हणायचे, माइक बंद पडला तरी त्याचं काही अडत नसे म्हणून. दोन वर्षांमागे त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि भोंग्याचा आवाज कायमचा गेला. बँड मोडला. लोकांनी दुसरे गायक सुचवले, तर जावईबुवा म्हणाले, "नको. गिटारच बोलेल काय ते."

पहिली चाल अशी सुटली, की मी स्टुलावर पुढे सरकलो. आणि मध्येच आवाज विरला. बोटं तर चाललेली दिसत होती.

रेकॉर्डिंगवाला आत आला. "दादा, इथं आवाज कमी का केलात?"

"मी? कधी?"

दुसऱ्या खेपेलाही तेच. मी शेजारीच होतो, मला दिसलं. उजव्या हाताची करंगळी. गिटारला आवाजाचं एक गोल बटण असतं. चौतीस वर्षं भोंग्याचं कडवं आलं की ही करंगळी ते बटण हळूच मागे फिरवायची, त्याचा आवाज वर राहावा म्हणून. आता कडवं नाही, भोंगा नाही, पण ती जागा आली की करंगळी कामावर हजर.

बटणाला चिकटपट्टी लावली. तर तळवा तारांवर आडवा पडला, आवाज पुन्हा दबला. डबा घेऊन आलेल्या धाकटीने मग जखमेची पट्टी घेऊन करंगळी शेजारच्या बोटाला बांधून टाकली. "बाबा, लक्ष ठेवा हं यांच्यावर," म्हणाली. तर अख्खा हातच थांबला, म्हणून ती सोडली.

उभं राहून झालं, डोळे मिटून झालं. एकदा ठरलं, की जागा आली की मी "हं" म्हणायचं. रेकॉर्डिंगमध्ये माझं "हं" काय खणखणीत आलंय म्हणून सांगू. गिटार तेवढी नाही.

"अहो, तुम्हाला कळत कसं नाही?" धाकटी चिडली.

"कळलं असतं तर थांबवलं नसतं का?" जावईबुवा म्हणाले, आणि बोटं गरम पाण्यात बुडवून बसले. चौथ्या दिवशी सांधे सुजले होते. खोली पाचच दिवस मिळालेली.

पाचव्या दिवशी धाकटीने थेट भोंग्यालाच बोलावलं. गळ्याला मफलर, हातात वही. त्याने कानाला हेडफोन लावून आधीचं रेकॉर्डिंग ऐकलं. ती जागा आली तशी त्याची हनुवटी वर झाली, छाती भरली, तोंड उघडलं. बाहेर काही आलं नाही. त्याने हेडफोन काढला, वही उघडली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आता तू वाजव. मी ऐकतो.'

जावईबुवांनी ते दोनदा वाचलं. मान हलवली. बटणाची चिकटपट्टी स्वतःच काढली. मी मनात म्हटलं, चला, आता जमणार. भोंगा समोर बसला, चाल सुरू झाली, जागा जवळ आली, आणि मी बघतोय तोवर करंगळी निमूट जाऊन बटणापाशी उभी. भोंगा बसल्या बसल्या वहीचं पान घडी घालत राहिला.

रेकॉर्डिंगवाला काचेमागून बाहेर आला. "दादा, आठही चालींत ही जागा रिकामी जाते. अल्बम काढणारे कंपनीवाले म्हणतात, लोकांना वाटेल रेकॉर्ड बिघडलंय. तेवढं कापून पुढचं मागचं जोडून टाकू का?"

जावईबुवांनी डाव्या हाताची मूठ वळून पाहिली. अर्धीच वळली. मग म्हणाले, "कापा तुम्ही, मला विचारू नका. मला तिथं रिकामं काही ऐकूच येत नाही. हा गातोय, एवढंच येतं."