तार, लेझर आणि मास्तरांचा खडू

“थांब, अजून एकदा बघू.” असं म्हणून मास्तर उघडलेली कात्री परत टेबलावर ठेवायचे आणि खडू कानावर अडकवायचे. असा शिंपी तुम्हीही पाहिला असेल. कापड पसरलेलं, खुणा सगळ्या झालेल्या, पण कापायची वेळ आली की हात मागे.

नगरकडच्या बेलापूरला त्यांच्या दुकानात मी बारा वर्षं काज-बटणं आणि हातशिलाई केली. बायका यायच्या, वैतागायच्या.

“मास्तर, लग्नाला दिलेला ब्लाउज, आता बारशाला तरी द्या!”

“ताई, एकदा कापलं की परत जुळत न्हाई. बारशाला नक्की.”

मास्तर हसायचे, बाईही हसायची. कापड तिथेच राहायचं.

एका उन्हाळ्यात त्यांच्या लघवीतून रक्त गेलं. दुखत काहीच नव्हतं, म्हणून उन्हाळी लागली म्हणत ते सब्जाचं पाणी पीत राहिले. शेवटी सोनोग्राफीत लघवीच्या पिशवीत गाठ दिसली. मास्तरांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, गुडघ्यांना एसटीची पायरी चढवत नव्हती, मुलगा दूर नोकरीला. “तू जा गं यांच्यासंगं, नीट ऐकून ये,” काकू मला म्हणाल्या. म्हणून नगरच्या डॉक्टरांसमोर मी बसले.

डॉक्टरांनी दुर्बीण घालून तपासलं. म्हणाले, “गाठ कॅन्सरची वाटते, पण लहान आहे. सध्या पिशवीच्या अस्तरापुरतीच दिसते.”

अस्तर म्हणताच मास्तर खुर्चीत पुढे सरकले.

“आम्ही इथे विजेच्या तारेने खरवडून काढतो, तुकड्यातुकड्याने. लेझरने बऱ्याचदा बुडापासून अख्खी सुटते, रक्त कमी जातं, लघवीची नळी लवकर निघते. त्याला नाशिकला जावं लागेल. पण गाठ परत होण्याचं म्हणाल तर दोन्हीत फारसा फरक नाही. कशानेही काढा, या पंधरवड्यात काढा. आणि नंतरची तपासणी चुकवू नका.”

घरी आल्यावर काकूंनी मला विचारलं. उत्तर मास्तरांनीच दिलं, “दोन पद्धती हायेत. कुठली ते ठरवायचंय.” मीही होकाराची मान हलवली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कापायच्या टेबलाच्या कोपऱ्यावर खडूने दोन रकाने पाडले. एकीकडे तार, दुसरीकडे लेझर. गिऱ्हाईक आलं की त्याचं मत विचारायचं आणि रेघ मारायची.

“लेझरला म्हणं टाका नसतो.”

“टाका दोन्हीला न्हाई, ताई. दोन्ही लघवीच्या वाटेनंच जातं.” हे ते अगदी ऐटीत सांगायचे.

कोणाचा मेव्हणा तारेने बरा झालेला, कोणाच्या सासऱ्याला लेझर मानवलेलं. मधे रक्त आपोआप थांबलं, तेव्हा तर मास्तरांना वेळच वेळ आहे असं वाटलं. पंधरवडा गेला, पावसाळा गेला.

दोन्ही सारखंच, फक्त लवकर करा, हे मी ऐकलं होतं. रोज ठरवायची, आज बोलायचं. एकदा त्यांचं मशीन चालू असताना बोललेही. त्यांनी पाय थांबवला.

“काय म्हणलीस, पोरी?”

“काही न्हाई. दोरा संपला.”

त्यांनी रीळ दिलं. माझ्याकडे रीळ होतं.

दिवाळीनंतर रक्ताच्या गाठी पडू लागल्या. त्याच डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि या वेळी फार बोलले नाहीत. गाठ अस्तर ओलांडून पिशवीच्या भिंतीत शिरली होती, तिथून हाडांतही गेली होती. आता तारेचा उपयोग नव्हता, लेझरचाही नाही.

शेवटी शेवटी मास्तर खाटेवरच असायचे. मी पेज घेऊन गेले, तेव्हा म्हणाले, “पोरी, त्या दिवशी डॉक्टर काय म्हणले हुते गं? दोन्ही सारखंच म्हणले हुते का?”

“मला आठवत न्हाई, मास्तर.”

त्यांनी पेजेची वाटी बाजूला सारली. मग म्हणाले, “मला आठवतंय.” आणि भिंतीकडे वळले. चार दिवसांनी गेले.

काकूंनी लोकांची कापडं परत दिली. त्यात माझाही एक हिरवा खण होता. गळा, बाही, मुंढा, खडूच्या खुणा सगळ्या जागच्या जागी. तो मी दुसऱ्या कोणाकडे शिवायला टाकला नाही. पेटीत ठेवलाय. दर वेळी उघडते, तेव्हा खुणा थोड्या पुसट झालेल्या असतात.