रस्त्यापलीकडचं ऊन

छापखान्यातल्या ओल्या शाईचा वास आला, की लहानपणीची देवासची एक सकाळ आठवते. शहरात तेव्हा दोन राजांची दोन राज्ये होती आणि आमच्या दारासमोरचा रस्ता ही त्यांची सीमा. वडिलांनी घरात ठेवलेली, बंदी असलेली पत्रके शोधायला शिपाई आले. ती सापडली असती तर वडील तुरुंगात गेले असते. आईने ती सुपात पापडांखाली दडवली आणि सरळ रस्ता ओलांडला.

“बाई, परत फिरा!” एक शिपाई ओरडला.

“का हो भिया?” पलीकडून आई माळवी ढंगात त्याला ‘भाऊ’ म्हणत मोठ्याने बोलली. “ तुमचं राज्य तिकडेच संपलं. आज पापड या राजाच्या उन्हात वाळतील!”

शेजारी हसले. शिपायाला पलीकडे पाऊल टाकता येईना.

तेव्हा मला आईच्या मोठ्या आवाजाची लाज वाटली होती. तिला अक्षरओळख नव्हती, अजूनही नाही. पण माझे प्रत्येक पत्रक मी आधी तिला वाचून दाखवतो; ती “हं” म्हणाली, तरच छापायला देतो.