हाफटाइमला जोतीराम काय बोलला

जोतीराम इंगवलेच्या गळ्यात देवानं भोंगाच बसवलाय, असं शिवाजी पेठेत म्हणतात. एरवी तो मोटारींचं रिवायंडिंग करतो. दुकानात तांब्याच्या तारा गुंडाळत बसलेला हा बावन्न वर्षांचा माणूस फुटबॉलच्या हंगामात मैदानावरच्या माइकसमोर बसला, की निराळाच होतो. ‘‘आला, आला, डावीकडनं आला! आडवा कोण? कोणच न्हाय! मारली... आनि गोऽऽल!’’ गॅलरीतली माणसं खेळ डोळ्यांनी बघतात आणि जोतीरामच्या आवाजानं पुन्हा एकदा बघतात. एकवीस वर्षं त्याची जीभ एकदाही अडखळली नव्हती.

ती अडखळली यंदाच्या सेमीफायनलला.

आदल्या दिवशी त्याच्या दुकानात एक पोरगी आली. आदिती मगदूम, कुरुंदवाडच्या जैन शेतकरी घरातली. सरकारी दवाखान्याच्या तपासणी केंद्रात समुपदेशक होती.

‘‘काका, आमच्याकडं गरोदर बायका येतात. पुरुष येतच नाहीत. एखादा आला तर हेल्मेट न काढता येतो,’’ ती म्हणाली. ‘‘एचआयव्ही, गरमी, सगळं रक्ताच्या थेंबात कळतं, फुकट कळतं. उद्या मैदानावर हजारो पुरुष असणार. हाफटाइमला या कागदावरचं दोन मिनिटं बोलाल?’’

‘‘एवढंच व्हय? आणा तो कागद हिकडं!’’

दुसऱ्या दिवशी हाफटाइमला जोतीरामनं कागद उघडला, माइक तोंडाशी धरला आणि म्हणाला, ‘‘लैं...’’ पुढं शब्दच येईना. पुन्हा म्हणाला, ‘‘लैं...’’ गॅलरीतनं शिट्टी आली. कुणीतरी ओरडलं, ‘‘जोत्या, तुलाच झालंय काय रं?’’ सगळं मैदान खदखदलं. जोतीरामनं उरलेला कागद एसटीचं वेळापत्रक वाचावं तसा भराभर वाचून टाकला. त्याचे कान लालबुंद झाले होते.

ते हसणं त्याला झोंबलं. सोमवारी दुकान उघडायच्या आधी तो थेट केंद्रावर जाऊन आदितीसमोर बसला.

‘‘माझं रक्त घ्या. न बघता सांगितलं म्हनूनच फजिती झाली. मॅच न बघता कॉमेंट्री करतंय का कोण?’’

आदितीनं त्याला सगळं नीट समजावलं, काय काय तपासणार ते सांगितलं, सही घेतली. पंधरा मिनिटांत काम झालं. ‘‘हॅत्तिच्या! ह्याला घाबरत्यात व्हय?’’ असं म्हणत तो हसत बाहेर पडला.

दोन दिवसांनी त्याला परत बोलावलं. या वेळी डॉक्टरही बसले होते. एचआयव्ही नव्हता. पण सिफिलिसची, म्हणजे गरमीची, तपासणी पॉझिटिव्ह आली होती.

‘‘मला? मला काय हुतंय! पोतं उचलतोय मी अजून!’’

‘‘तेच तर,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘ही वर्षानुवर्षं गप्प बसते आणि एखाद्या दिवशी हृदयावर नाहीतर मेंदूवर जाते. कधी जखम झाली होती?’’

जोतीरामला आठवलं. लग्नाआधी तो दोन वर्षं ट्रकवर होता, हुबळीच्या लाइनला. तेव्हा एक चट्टा उठला होता. दुखला नाही, आपोआप गेला. उष्णता झाली असेल म्हणून तो आठ दिवस ताक प्याला होता.

‘‘तीन इंजेक्शनं, आठवड्याला एक. संपला विषय,’’ डॉक्टर म्हणाले. आदिती हळूच म्हणाली, ‘‘काका, ही गोष्ट या खोलीबाहेर जात नाही. पण काकूंचं रक्त बघायला पाहिजे.’’

कमरेतलं इंजेक्शन सोपं होतं, घरचं अवघड. त्याची बायको संयोगिता बालवाडीत शिकवायची. दुपारी ती घरी आल्यावर त्यानं उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

तिनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. ‘‘लग्नाआधी का नंतर?’’

‘‘आधी.’’

‘‘खरं?’’

‘‘अंबाबाईची आण.’’

चार दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. ताट वाढायची आणि उठून जायची. पाचव्या दिवशी कुणालाही न सांगता एकटीच केंद्रावर जाऊन आली आणि कागद त्याच्यापुढं टाकला. तिला काही नव्हतं. जोतीराम रडायला लागला.

‘‘आता रडालायस कशाला?’’ ती म्हणाली. ‘‘ती आदिती मला म्हणाली, पेठेतनं मीच पहिली, गरोदर नसताना स्वतःहून आलेली. बाकीच्या बायकांनी काय करायचं? फायनलला परत ह्यावर बोलणार हायस न्हवं? मग खरं बोल. न्हायतर बोलूच नको.’’

फायनलला गॅलरीत मुंगी शिरायला जागा नव्हती. एकीकडं निळे झेंडे, एकीकडं पिवळे. आदितीनं तपासणीची गाडी फाटकाशी लावली होती. ‘‘काका, तुमचं तुम्ही सांगायलाच पाहिजे असं काही नाही,’’ तिनं बजावलं. जोतीरामनं माइकची वायर तपासून बघितली.

हाफटाइमची शिट्टी झाली. तो उभा राहिला.

‘‘मंडळी! मागल्या मॅचला कुणीतरी इचारलं, जोत्या, तुलाच झालंय काय? व्हय! झालतं! मला गरमी झालती, आनि तीस वर्षं मला ठावंच न्हवतं!’’

ढोल थांबले.

‘‘दोन इंजेक्शनं झाली, एक ऱ्हायलंय. बरा हुनार म्हंजे हुनारच! लाजंनं गप बसलो असतो तर एक दिवस ह्याच माइकवर आडवा झालो असतो. लैंगिक आजार म्हंत्यात ह्याला. ल्हान शब्द हाय, म्हना की! गाडी फाटकावर हाय, नाव कुनाला कळत न्हाय!’’

 मग पिवळ्यांचा गोलकीपर धैर्यशील उठला आणि हातमोजे तसेच ठेवून माइकशी आला. ‘‘जोतीकाका, मॅच सुटली की मी जातोय,’’ तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. पिवळ्या गॅलरीनं आरोळी ठोकली. निळ्यांना ते कसं सोसावं? त्यांचा कप्तान तिकडनं ओरडला, ‘‘पिवळं जानार आनि आमी मागं? आमची आख्खी टीम जानार!’’

मॅच कुणी जिंकली ते विचारू नका, त्यावर अजून भांडणं आहेत. पण सुटल्यावर फाटकाशी जी रांग लागली तशी रांग आदितीनं कधी पाहिली नव्हती. निळे-पिवळे एकमेकांना ढकलत, चिडवत उभे होते. तासाभरात तपासणीची किट संपली, दवाखान्यातनं दुसरा खोका मागवावा लागला. आदिती हसत होती आणि डोळेही पुसत होती. जोतीराम रांगेच्या कडेनं फिरत ओरडत होता, ‘‘दमानं! सगळ्यांचं रक्त घेनार हाईत, म्याडम काय पळून जात न्हाईत!’’

नंतर रस्त्यात एकदोघं त्याला बघून तोंड फिरवून गेली. गल्लीतल्या एकानं त्याच्या दुकानात चहा प्यायचं सोडलं. ते लागलं त्याला. पण दोनच दिवसांनी संयोगिता बालवाडीतल्या पोरांच्या आठ आयांना घेऊन केंद्रावर गेली, त्या दिवशी तो दिवसभर शीळ घालत होता.

तिसरं इंजेक्शन घेऊन लंगडत दुकानात शिरतोय तोच फोन वाजला. मुरगूडच्या फुटबॉल स्पर्धेचे आयोजक विजयसिंह बोलत होते.

‘‘कॉमेंट्रीला या की पावणं. आनि ते... ते पन सांगा.’’

‘‘ते म्हंजे?’’

‘‘ते हो. तुमी सांगितलं ते.’’

‘‘नाव घ्या, मग येतो.’’

पलीकडून खाकरल्याचा आवाज आला. मग विजयसिंह तिथल्या सगळ्या बाजारपेठेला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, ‘‘लैंगिक आजाराच्या तपासणीचं सांगायचं हाय, आता येतासा का न्हाय?’’

‘‘आलोच!’’ जोतीराम म्हणाला.