शेजारच्या सीटवरची ताई

माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईला, कॉम्प्युटरचं वेड वगैरे कधीच नव्हतं. तिला वेड होतं ते माणसांची कटकट कमी करण्याचं. आमच्या घरात माणसं पाच आणि न्हाणीघर एक. रोज सकाळी त्या दारापाशी जी वादावादी व्हायची ती ऐकून शेजारी घड्याळ लावत असावेत. शाळेत असताना ताईने सगळ्यांना विचारून प्रत्येकाची वेळ ठरवून दिली, आणि कुणाचंही न ऐकणारे आमचे बाबासुद्धा टॉवेल खांद्यावर टाकून आपली पाळी येण्याची वाट बघू लागले. तिला इंजिनियर व्हायचं होतं ते एवढ्यासाठीच. असलंच काहीतरी मोठ्या प्रमाणावर करायचं.

तिच्या पहिल्या नोकरीत तिला एक साहेब भेटले. सगळे त्यांना सर म्हणत, ताईही म्हणायची. ते तिच्या बाजूला खुर्ची ओढून बसत, चूक कुठे आहे हे त्यांना दिसत असायचं, पण कीबोर्डला हात लावत नसत. "तूच शोध, मला घाई नाही," म्हणत. पुढे सरांनी कंपनी बदलली तेव्हा ताईनेही बदलली. तिच्या लग्नात ते आमच्या बाबांच्या शेजारी उभं राहून पाहुण्यांचं स्वागत करत होते. आमच्या घरात त्यांच्याबद्दल कुणी वावगा शब्द काढलेला मला आठवत नाही.

बारा-तेरा वर्षं अशी गेली आणि मग ताईला त्या कामाचा वीट येऊ लागला. एकदम नाही, हळूहळू. एकच अहवाल तीनदा नव्याने करायचा आणि तिन्ही वेळा कुणी वाचायचा नाही. बटण डावीकडे हवं की उजवीकडे यावर आठ जणांनी सकाळ घालवायची. ती घरी यायची ती दात आवळून. एकदा मला म्हणाली, "आईने विचारलं, आज काय केलंस? मला काही सांगताच येईना गं." तिने नोकरी सोडायचं जवळजवळ ठरवलंच होतं, तेवढ्यात सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"तुझ्याच हातून व्हावं असं एक काम आलंय," ते म्हणाले.

घरोघरी जाऊन आजारी माणसांची काळजी घेणाऱ्या नर्सेसची एक एजन्सी होती. कुणी कुठल्या घरी किती वाजता जायचं याचं वेळापत्रक तिथे फळ्यावर खडूने लिहीत आणि निम्म्या वेळा ते कोलमडायचं. त्यांच्यासाठी प्रोग्रॅम करायचा होता. ताईचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. तिने अट घातली, की आधी मी त्यांच्याबरोबर फिरणार. सर हसले. म्हणाले, "म्हणून तर तुला दिलं."

तो सगळा उन्हाळा ताई नर्सेसच्या मागे जिने चढली. त्यांच्यात ज्या सगळ्यात जुन्या होत्या त्यांना बाकीच्या मोठ्या सिस्टर म्हणत. ताई बहुतेक वेळा त्यांच्याच बरोबर असायची. एका म्हाताऱ्याच्या पायाची जखम बांधायला दोघी जात. बांधायला फारसा वेळ लागायचा नाही, पण आपल्या मेलेल्या कुत्र्याबद्दल थोडं बोलल्याशिवाय तो म्हातारा पायाला हात लावू द्यायचा नाही. एक बाई इंजेक्शन मुकाट घ्यायच्या, पण नर्स निघाली की तिचा पदर धरून ठेवायच्या. वेळापत्रक कोलमडायचं ते इथे, हे ताईच्या लक्षात आलं. म्हणून तिने प्रोग्रॅममध्ये एक जास्तीची जागा ठेवली, 'थांबावं लागलं' अशी. उपचार संपल्यावरही नर्स किती वेळ थांबली आणि का थांबली, ते तिने तिथे नोंदवायचं. म्हणजे एजन्सीला कळेल आणि त्या घराला वेळ वाढवून मिळेल.

दुपारी जिन्यावर बसून एकाच डब्यातलं खाताना मोठ्या सिस्टरांनी विचारलं, "मॅडम, हे आम्ही खरं खरं भरलं तर ते शेवटी कुणाच्या हातात जाणार?"

ताईने सरांना विचारलं. सर म्हणाले, "वेड लागलंय का तुला? ही माहिती वेळ वाढवायला आहे, कापायला नाही. माझा शब्द आहे."

ताईने तो शब्द जसाच्या तसा नेऊन जिन्यावर दिला. फक्त, 'सरांचा शब्द' असं न म्हणता "मी शब्द देते" असं म्हणाली. तिच्या लेखी दोन्ही एकच होतं.

नर्सेसनी सगळं इमानेइतबारे भरलं. काही महिन्यांनी एका सकाळी ताईने नवं वेळापत्रक उघडलं, तर थांबण्याची सगळी वेळ गायब! म्हाताऱ्याच्या घराला जखम बांधण्यापुरती मिनिटं, त्या बाईंच्या घराला सुई टोचण्यापुरती. आणि वाचलेल्या वेळात प्रत्येकीला दोन-दोन घरं जास्त. ताईला वाटलं, आपल्याच प्रोग्रॅममध्ये काहीतरी घोळ झालाय. दिवसभर ती तो घोळ शोधत बसली. जेवली नाही. शेवटी ओशाळून सरांकडे गेली.

"सर, माझ्याकडून मोठी चूक झालीय. मी उद्यापर्यंत दुरुस्त करते."

सरांनी चष्मा काढून पुसला. "चूक नाही ती," ते म्हणाले. "एजन्सीला तेच हवं होतं. वेळ कुठे वाया जातो ते कळायला हवं होतं त्यांना."

"पण तुम्ही तर म्हणाला होतात..."

"म्हणालो होतो. नाहीतर त्यांनी भरलं असतं का? आणि तू तरी केलं असतंस का?"

त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता, ताई मला नंतर म्हणाली. आवाज चढवला असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

त्याच आठवड्यात पाच-सहा नर्सेस जाब विचारायला कंपनीत आल्या. मीटिंगच्या खोलीत खुर्च्या होत्या तरी त्या उभ्याच राहिल्या. मोठ्या सिस्टर पुढे होत्या. सरांनी त्यांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग ताईकडे हात केला. "तुमच्याबरोबर फिरून ही पद्धत यांनीच बसवली. आम्ही यांच्या शिफारशीबाहेर एक पाऊल टाकलेलं नाही."

सगळ्या नजरा ताईवर वळल्या. ताई मला सांगत होती, "मला वाटलं, सर आता पुढचं वाक्य बोलतील आणि सगळं सावरून घेतील. मी त्या वाक्याची वाटच बघत राहिले गं."

ते वाक्य आलं नाही. मोठ्या सिस्टर एवढंच म्हणाल्या, "आमच्या डब्यातलं खाल्लंत हो मॅडम." आणि निघाल्या. ताईच्या तोंडून "हे खोटं आहे" हे बाहेर पडलं, तेव्हा खोलीत ती आणि सर दोघंच उरली होती.

दुसऱ्या दिवशी तिने राजीनामा दिला. सर म्हणाले, "विश्रांती घे. मग बोलू."

घरी भावोजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, तिची बाजू घेतली. "तुला ज्यात समाधान वाटेल ते कर. मी आहे ना." आम्हा सगळ्यांना त्यांचं केवढं कौतुक वाटलं! ताईला आता असं काम हवं होतं, ज्याचं काय होतं ते तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. मला गाडी तिने शिकवलेली, आईलाही साठीनंतर तिनेच. ती सरळ चौकातल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेली. तिथल्या मालकीणबाईंना सगळे पाठीमागे क्लचबाई म्हणत.

"शिक्षण?" क्लचबाईंनी विचारलं.

"कॉम्प्युटर इंजिनियर."

"हरकत नाही," क्लचबाई म्हणाल्या. "घाबरट माणसं सांभाळता येतात का?"

लायसन्सचे सोपस्कार करून ताई शिकवू लागली. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही ब्रेक आणि क्लच असतो. ताई तिथे पाय तयार ठेवून बसायची, पण उगाच दाबायची नाही. घामाघूम झालेली माणसं पंधरवड्यात रहदारीत शिरायची. ताईच्या मानेवर उन्हाचा पट्टा उमटला, आवाज बसला, आणि कित्येक दिवसांनी तिला दुपारी सडकून भूक लागू लागली. तिचं बस्तान बसलं असं मला वाटत होतं.

मग आमच्या मावसभावाच्या नव्या घरी आम्ही सगळे जेवायला गेलो. मावशीने ताईच्या पाठीवरून हात फिरवला. "आता बरं वाटतंय ना गं? डोकं शांत आहे ना? डॉक्टर काय म्हणतात?"

"कसले डॉक्टर?" ताई म्हणाली.

मावशी गडबडली. "अगं, जावईबापू म्हणाले ना, तुला ताण झालाय, आजारपणाची रजा घेतलीयस म्हणून. वर्षअखेर परत जाणार आहेस ना? तुझे ते सरही म्हणे खुर्ची राखून आहेत."

परत येताना ताई गाडी चालवत होती, भावोजी शेजारी आणि मी मागे. मग ताईने गाडी बाजूला घेतली, इंडिकेटर देऊन, अगदी शिकवल्यासारखी.

"सरांना तू फोन केलास?"

"केला," भावोजी म्हणाले. "राजीनामा पुढे पाठवू नका म्हणालो. त्यांनी रजा दाखवली. अगं, मी तुझ्यासाठी परतीचा रस्ता ठेवला."

"मी मागितला होता?"

"राग उतरल्यावर मागितला असतास."

"आणि मला आजारी कशाला केलंस?"

भावोजी काचेबाहेर बघू लागले. "लोकांना काय सांगणार होतो? इंजिनियर बायको गाडी शिकवते म्हणून?"

"त्या माणसाने मला सगळ्यांसमोर तोंडघशी पाडलं, हे तुला माहीत होतं. मी रडले तुझ्यासमोर. आणि तू त्यालाच जाऊन म्हणालास, हिचा राग उतरेल." ताईचा आवाज अजिबात चढला नव्हता. "तो माझा कुणी नव्हता रे शेवटी. तू होतास."

मी मागे अंग चोरून बसले होते. ताईने आरशात बघितलं, गिअर टाकला आणि गाडी परत रस्त्यावर घेतली. दुसऱ्या दिवशी ती स्वतः कंपनीत गेली आणि राजीनामा मंजूर झाल्याशिवाय तिथून हलली नाही. सर भेटायला बाहेर आले नाहीत.

त्यानंतर काही आठवड्यांनी क्लचबाईंकडे एक नवी विद्यार्थिनी आली. मोठ्या सिस्टर! एजन्सी सोडून त्या आता स्वतःच रुग्णांच्या घरी जाणार होत्या आणि त्यासाठी गाडी हवी होती. ताईला पाहताच त्यांनी क्लचबाईंना विचारलं, "दुसरं कुणी नाही का शिकवायला?"

"आहे की. पण तो ओरडतो. ही ओरडत नाही. बघा तुम्ही."

सिस्टर बसल्या. पहिले काही दिवस गाडीत सूचना सोडून एक शब्द नाही. मग एकदा दवाखान्याच्या चढावर सिस्टरांच्या हातून गाडी बंद पडली आणि मागे सरकू लागली. ताईने आपल्या बाजूचा ब्रेक दाबून ती धरली. मागून हॉर्न सुरू झाले. सिस्टरांनी स्टिअरिंग घट्ट पकडलं आणि समोर बघतच विचारलं, "तुम्ही ते माहीत असून केलंत की नसून?"

"नसून," ताई म्हणाली. "पण शब्द माझ्याच तोंडून गेला होता."

"मग त्या दिवशी तिथे बोलला का नाहीत?"

"सर माझ्यावर ढकलतायत हे डोक्यात शिरेपर्यंत तुम्ही निघून गेला होतात."

मागचा गाडीवाला खिडकीतून डोकं काढून काहीतरी ओरडला.

"त्या कुत्र्यावाल्या आजोबांच्या पायाला आता कुणी हात लावू शकत नाही," सिस्टर म्हणाल्या. "नवी मुलगी जाते, ते लाथ मारतात, ती परत येते."

ताईने एवढंच म्हटलं, "क्लच दाबा. ब्रेक मी धरलाय. सावकाश."

गाडी चढली. सिस्टर परीक्षेत पहिल्याच फटक्यात पास झाल्या आणि सांगायला स्वतः आल्या. "शिकवलंत चांगलं. तेवढं मान्य," म्हणाल्या. त्यांची मैत्री वगैरे काही झाली नाही. पुढे ताईने त्यांना रस्त्यात एकदा गाडी चालवताना पाहिलं. सिस्टरांनी पाहिलं की नाही, ते तिला कळलं नाही.

सरांचं काही वाकडं झालं नाही. त्यांना बढती मिळाली असं ऐकलं. क्लचबाई थकल्या आहेत, स्कूलचा निम्मा कारभार ताई बघते. आणि भावोजींनी माफी मागितली, एकदा नाही, अनेकदा. ती मनापासून होती हे मलाही दिसत होतं. ते आता चारचौघांत "माझी बायको ड्रायव्हिंग शिकवते" असं जरा जास्तच मोठ्याने सांगतात. ताई त्यांच्याबरोबरच राहते, एकत्र जेवतात, हसतातही. पण काही घडलं की ती आधी मला फोन करते. त्यांच्या कानावर ते दोन-चार दिवसांनी जातं, कधी जातही नाही. हे त्यांना ठाऊक आहे.

परवा मी तिच्याकडे होते. ताई बाहेर पडायच्या तयारीत दारात बूट घालत होती. भावोजींनी तिचा रुमाल आणून दिला आणि माझ्यादेखतच विचारलं, "पूर्वीसारखं मला सगळं सांगशील का गं कधी?"

ताईने नाडी बांधली. थोडा विचार केला.

"बघू," ती म्हणाली, आणि खाली गेली. रिव्हर्सला घाबरणारे एक निवृत्त प्राध्यापक आधीच गाडीत बसून आरसे पुसत होते.